आधी वाटा, मग पाणी

औंध संस्थानाचा जुना नकाशा पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो फाटलेला वाटतो. एक तुकडा खुद्द औंधचा, म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात. दुसरा आटपाडीचा, माणदेशात. तिसरा कुंडलचा, कृष्णेच्या खोऱ्याला चिकटलेला. चौथा गुणदाळचा, थेट विजापूरकडे. मधे सगळा इंग्रजी मुलूख, नाहीतर दुसऱ्या संस्थानिकांची गावं. ७२ गावं, ५०१ चौरस मैल आणि जेमतेम पाऊण लाख माणसं एवढाच या राज्याचा पसारा.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'बेटं' हा विषय सुचवला आणि पॅसिफिक महासागरातल्या लहान बेटांवरची माणसं आपलं पाणी, मासे, जमीन कशी राखतात यावर लिहाल का, असं विचारलं. त्या बेटांबद्दल वाचत गेले तसतसा हा फाटका नकाशा डोळ्यांपुढे येत राहिला. किरिबाटी या देशाची सगळी बेटं एकत्र केली तरी जमीन भरते ८११ चौरस किलोमीटर. तुवालूची २६. औंध संस्थान होतं सुमारे १,३०० चौरस किलोमीटरचं. म्हणजे मापाने ही राज्यं एकाच पंगतीतली. आणि प्रश्नही एकच: बाहेरून काही यायचं नाही असं धरून चाललं, तर आहे ते कुणी, किती आणि कशाच्या हक्काने वापरायचं?

तो प्रश्न घेऊन औंध, आटपाडी आणि त्यांच्या मधला मुलूख फिरले.

मूळपीठावरून

औंधच्या यमाईचं मूळपीठ डोंगरावर आहे. पायऱ्या चढून वर गेलं की तटाबाहेरून चहूकडचा मुलूख उघडा पडतो. भाविक दर्शन घेऊन खाली उतरतात, पण पाण्याचा हिशेब समजून घ्यायचा असेल तर इथे तासभर बसावं. उतारांवर गवत आणि तुरळक बाभळी. खाली शेतांचे पट्टे, त्यात मधेच हिरवे चौकोन. प्रत्येक हिरव्या चौकोनाच्या पोटात एक विहीर किंवा बोअर आहे, हे न विचारता कळतं. जिथे निळं चकाकतं तिथे प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं. दूरच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा.

याच सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे माण-खटावात येईपर्यंत ढगांत उरतो तो साडेचारशे-पाचशे मिलीमीटर, तोही लहरी. पाचशे मिलीमीटर म्हणजे किती? एक हेक्टर रानावर वर्षभरात पन्नास लाख लिटर. आकडा ऐकायला भरघोस वाटतो. त्यातलं बरंचसं उन्हाने उडतं, काही ओढ्याने वाहून जातं, काही पीक पितं. जमिनीत मुरतं ते थोडं, आणि ते साठवायला इथल्या जमिनीत जागाही थोडीच आहे.

ती जागा डोंगराखालच्या एका विहिरीत पाहायला मिळाली. खोली पन्नासेक फूट. वर दगडी बांधकाम, त्याखाली पिवळट मुरूम, मग काळा कातळ. मुरूम संपून कातळ सुरू होतो त्या रेषेवर भिंत ओली होती, बाकी कोरडी. या इलाख्याचं बहुतेक सगळं भूजल त्या वरच्या झिजलेल्या थरात आणि कातळाच्या भेगांमध्ये असतं. कातळात चारही अंगांनी आडवी बोअरं मारलेली होती. त्यातल्या एका तोंडातून करंगळीएवढी धार पडत होती. बाकीच्या तोंडांखाली पांढरट डाग राहिले होते, कधीकाळी तिथून पाणी पडत होतं याची खूण.

विहिरीचे मालक साठीच्या पुढचे. काठावर उकिडवं बसून म्हणाले, "ताई, ही चारी तोंडं चालायची. वरच्या अंगाला शेजाऱ्यानं तीनशे फूट उभं बोअर मारलं, आन् ही बसली."

"मग त्यांना काही बोलला नाहीत?"

"त्येचं रान, त्येचं बोअर. काय बोलणार? आता म्या चारशे मारतो."

शेजाऱ्याबद्दल त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जुना कायदाही शेजाऱ्याच्याच बाजूने उभा होता. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून आपल्याकडे जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं मानलं गेलं. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने मात्र साठ मीटरपेक्षा खोल विहिरीवर बंधन घातलं, तो कायदा २०१४ साली अमलात आला. तीनशे फूट म्हणजे नव्वद मीटर. तरीही बोअरच्या गाड्या गावोगाव उभ्या दिसतात.

खाली समुद्र असलेली विहीर

किरिबाटीच्या राजधानीचं बेट तारावा. प्रवाळाची चिंचोळी पट्टी, नदी नाही, ओढा नाही. पाऊस पडतो तो प्रवाळाच्या वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं. मधे जाड, कडेला पातळ असा तो गोड्या पाण्याचा थर बेटाच्या पोटात असतो. तिथे उभी, खोल विहीर घेऊन जोरात उपसा केला, तर खालून समुद्र वर येतो आणि विहीर खारी होते. एकदा खारी झालेली विहीर गोडी व्हायला पुढचे किती पाऊस जातील, याचा नेम नाही.

म्हणून तारावावरच्या बोन्रिकी भागात पाणी आडवं काढतात. उथळ खोलीवर आडवे, भोकं असलेले नळ पुरायचे आणि वरवरचं पाणी हलक्या हाताने, साय काढावी तसं, काढायचं. आपल्या विहिरीतली आडवी बोअरं आणि त्यांचे आडवे नळ यांत तंत्र म्हणून फार अंतर नाही. अंतर आहे ते किती उपसायचं हे ठरवणाऱ्यामध्ये. तिथे समुद्रच मर्यादा घालून देतो आणि चूक झाली तर ती पेल्यातल्या पाण्याच्या चवीतून कळते. इथे कातळ काही सांगत नाही. तीनशे फुटांना नाही लागलं तर चारशेला लागेल, ही आशा आमच्या माणसाला कर्जात नेते.

तारावावरही सगळं गोडीगुलाबीने चाललेलं नाही. बोन्रिकीचं पाणी राखण्यासाठी सरकारने तिथली जमीन राखीव केली, त्यावर राहायला आणि लागवड करायला मनाई केली. जमीनमालकांना भाडं मिळतं, पण ते पुरेसं नाही म्हणून वाद झाले, पाणी काढायच्या सामग्रीची मोडतोडही झाली. ज्याच्या तोंडचा घास काढून पाणी राखलं जातं, त्याला वाट्यात घेतलं नाही तर तो राखण करत नाही. याच गोष्टीपाशी मला आटपाडीच्या वाटेवर पुन्हा पुन्हा यावं लागलं.

आणखी एक धागा या दोन मुलखांना बांधतो, तो आभाळातून जातो. पॅसिफिकचं मधलं पाणी तापलं की एल निनो होतो. तेव्हा किरिबाटीकडे पाऊस वाढतो आणि आपला मान्सून बऱ्याचदा दुबळा पडतो. उलट ला निनात आपल्याकडे ढग बरे असतात आणि तिकडची बेटं कोरडी पडतात. २०११ साली असंच झालं. तुवालूत टाक्या आटल्या, सप्टेंबरअखेर आणीबाणी जाहीर झाली, आणि न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाहून समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं न्यावी लागली. २०१५ च्या जोरदार एल निनोनंतर, एप्रिल २०१६ मध्ये, आपल्याकडे मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेलं. मिरज सांगली जिल्ह्यातलं. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आटपाडीत, टँकरची वाट पाहणारी गावं तेव्हाही होती.

राजाने दिलेल्या दोन गोष्टी

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, लोकांचे बाळासाहेब, १९०९ साली गादीवर आले. चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मूळपीठाच्या वाटेवरचं भवानी संग्रहालय त्यांचंच. पाण्याच्या आणि साधनसंपत्तीच्या अंगाने पाहिलं, तर त्यांनी या मुलखाला दोन गोष्टी दिल्या आणि दोन्हींची तोंडं दोन दिशांना होती.

पहिली गोष्ट कुंडलच्या माळावर. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कारखान्यासाठी जागा दिली. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आधी लोखंडी नांगर, मग १९२६ च्या सुमारास पाणी उपसणारे पंप. मोटेच्या बैलांना सुट्टी मिळाली. शेतकऱ्याच्या कमरेचा भार हलका झाला, हे फार मोठं काम झालं. पण मोट चालवणाऱ्याला दिवसाकाठी किती पाणी काढता येईल याला बैलाच्या दमाची मर्यादा होती. पंपाला दम लागत नाही. विहिरीतलं पाणी किती वेगाने संपवायचं हे त्यानंतर प्रत्येकाच्या ऐपतीवर ठरू लागलं.

दुसरी गोष्ट १९३९ च्या जानेवारीतली. गांधीजींच्या सल्ल्याने राजाने राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना मंजूर केली. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून आलेले इंजिनिअर आणि युवराज आप्पासाहेब पंत यांचा त्यात मोठा वाटा होता. गावाने पंचायत निवडायची, पंचायतीच्या मुखियांतून तालुका समिती, तिच्यातून राज्याचं विधिमंडळ. विहीर, रस्ता, शाळा, तंटा हे सगळं गावाने गावात ठरवायचं आणि त्यासाठी महसुलाचा मोठा हिस्सा खाली सोडायचा. त्याच सुमाराला आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. जन्मठेपेच्या कैद्यांना बेड्या न घालता माळरान कसायला दिलं. 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट त्यावरून सुचलेला. ती वसाहत अजून आहे.

मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. घटनेचा प्रयोग दहा वर्षंही जगला नाही. पंप मात्र घरोघर पोचला. पाण्याच्या बाबतीत आपण या राजाची एकच देणगी वापरली, असं मला ठामपणे वाटतं. त्याची दुसरी देणगी, बसून ठरवण्याची, तिची आठवण लोकांना दुष्काळात झाली.

वाळूचं धरण

आटपाडी आणि कुंडल यांच्या मधे खानापूर तालुका आहे. येरळा नदी खटावातून निघते, मायणीवरून सांगली जिल्ह्यात उतरते आणि पुढे ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. पावसाळा सोडला तर तिचं पात्र कोरडंच दिसतं. पण ती नदी वाळूच्या खाली वाहते. काठच्या माणसाला हे पिढ्यांपासून माहीत आहे. पात्रात झरा उकरायचा, वाटीने पाणी काढायचं, पुन्हा झरा भरेपर्यंत थांबायचं. वाळू पाणी धरून ठेवते, उन्हापासून वाचवते आणि काठच्या विहिरींना सावकाश पाजत राहते.

१९८० च्या दशकात या पात्रातून ट्रकच्या ट्रक वाळू शहरांकडे जाऊ लागली. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप झाला आणि हजारो कामगार गावी परतले. घरी आले तर दुष्काळ, विहिरी कोरड्या. संघटना कशी करायची हे गिरणीने त्यांना शिकवलं होतं. रोजगार हमीवर खडी फोडत आयुष्य काढायचं का, असा प्रश्न विचारत मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर तिच्या पुढाऱ्यांत होते. बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांच्या लोकांनी वाळूचे ट्रक अडवले.

इथवर कुठल्याही आंदोलनाची गोष्ट अशीच असते. पुढे मात्र त्यांनी वेगळंच मागितलं. वाळू ठेकेदाराने विकायची, रॉयल्टी सरकारने घ्यायची आणि कोरडी विहीर आमच्या वाट्याला, हे चालणार नाही. मर्यादित वाळू आम्ही विकू आणि त्या पैशातून याच नदीवर छोटं धरण बांधू. सरकारी परवानगीसाठी भांडावं लागलं. अभियंता के. आर. दाते यांच्यासारख्या जाणकारांनी मदत केली, बाहेरून विद्यार्थी श्रमदानाला आले. १९८० चं दशक संपता संपता बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं.

भिंत चढायच्या आधी पाण्याचा वाटा ठरला होता, हे या धरणाचं खरं महत्त्व. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही, माणसांवर वाटायचं. ज्याला गुंठाभर रान नाही त्यालाही हिस्सा. तो कुणाचं रान वाट्याने करून आपलं पाणी तिथे लावू शकेल. या पाण्यावर ऊस लावायचा नाही, असंही ठरलं. त्याआधी १९७० च्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत हेच तत्त्व लावलं होतं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही.

ऊस नाही, हे कलम शहरी वाचकाला हट्ट वाटेल. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला दोन हजार मिलीमीटरच्या पुढे पाणी लागतं. खटाव-आटपाडीत पडणारा पाऊस त्याच्या पाव हिश्श्याचा. एक हेक्टर ऊस म्हणजे चार हेक्टरांवर पडलेला सगळाच्या सगळा पाऊस एका रानात ओतणं. बेटावर ही उधळपट्टी कुणी करू दिली नसती.

वाळूबद्दल बोलताना नाउरूची आठवण येतेच. २१ चौरस किलोमीटरचं हे पॅसिफिक बेट फॉस्फेटवर बसलं होतं. १९०७ पासून परक्या कंपन्यांनी ते खणलं, १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर देशाने स्वतः खणलं. काही वर्षं लोक जगातल्या श्रीमंतांत गणले गेले. आज बेटाचा मधला भाग चुनखडीच्या सुळक्यांचं ओसाड रान आहे, तिथे शेती होत नाही. नाउरूवासीयांनी पायाखालची जमीन विकली, तशी आम्ही येरळा आणि माणगंगा या नद्यांची वाळू विकली. बलवडीकरांनी ती विकतानाही थोडी, मोजून आणि पाण्यासाठी विकली.

कुरण बंद, मेंढरं कुठे?

फिजीत उकुनिवानुआ नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथल्या बायका भरती-ओहोटीच्या चिखलातून शिंपले गोळा करतात. शिंपले कमी आणि लहान मिळू लागले, तेव्हा १९९७ मध्ये गावाने २४ हेक्टरांचा पट्टा तीन वर्षांसाठी बंद केला. किनाऱ्याचा काही भाग ठराविक काळ बंद ठेवायची त्यांची जुनी रीत आहे, तिला तिथे 'ताबू' म्हणतात. मोजदाद गावकऱ्यांनीच शिकून केली. बंद पट्ट्यात शिंपले वाढलेच, त्यांची पिल्लं बाहेरच्या पट्ट्यातही रुजली. मग फिजीतल्या शेकडो गावांनी ही पद्धत उचलली.

आपल्याकडे हीच गोष्ट चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या नावाने चालते. 'वॉटर कप' या गावागावांच्या जलसंधारण स्पर्धेच्या वर्षांत माण-खटाव-कोरेगाव या पट्ट्याने श्रमदानाचा डोंगर उभा केला. २०१६ मध्ये कोरेगावचं वेळू पहिलं आलं, २०१८ मध्ये माणचं टाकेवाडी. उतारांवर समतल चर, बांधबंदिस्ती, गवत राखणं. मूळपीठावरून दिसणाऱ्या काही टेकड्यांच्या अंगावर त्या चरांच्या रेषा ओळीने उमटलेल्या आहेत.

पण हा मुलूख मेंढपाळांचाही आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' याच औंध संस्थानातल्या धनगरांची आणि त्यांना गावाबाहेर काढणाऱ्या दुष्काळाची गोष्ट. आटपाडीच्या अलीकडे एका पडीक रानात मेंढपाळांचा वाडा बसला होता. जाळीच्या आत कोकरं, बाहेर घोड्यावरून उतरवलेलं बिऱ्हाड, तीन दगडांवर कालवण. त्या बिऱ्हाडातल्या बाईंनी चहा पुढे केला आणि माझ्या चराईबंदीच्या प्रश्नावर विचारलं, "गवत राखलं ते ब्येसच केलं. पर आमाला बोलावलं का कुणी मीटिंगला?"

बोलावलं नव्हतं. मेंढपाळ वर्षातले कित्येक महिने गावाबाहेर असतो आणि ग्रामसभा तो नसताना होते. उकुनिवानुआत पट्टा बंद केला तो गावाने, आणि शिंपले वेचणाऱ्या बायका त्याच गावातल्या होत्या. आपल्याकडे कुरण बंद करणारे बहुतेक बागायतदार असतात आणि बंदीचा चटका मेंढक्याला बसतो. त्याची शिक्षा गवतालाही मिळते, कारण रात्री वाट चुकलेलं मेंढरू अडवायला कुणाचा पाय उठत नाही. डोंगराचे तीन भाग करून आळीपाळीने एकेक बंद ठेवणं, आणि कुठला भाग कधी उघडायचा हे मेंढपाळ गावात असताना त्यांच्यासमोर ठरवणं अवघड नाही.

टेंभूचं पाणी

आटपाडीत आता वेगळं चित्र आहे. १९९३ मध्ये क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी इथे पाणी परिषद भरवली आणि तेरा दुष्काळी तालुक्यांची चळवळ सुरू झाली. दरवर्षी परिषद, मोर्चे, ठिय्ये. मागणी नेमकी होती: प्रत्येक कुटुंबाला, जमीन असो-नसो, वर्षाला पाच हजार घनमीटर पाणी. पाच हजार घनमीटर म्हणजे पन्नास लाख लिटर. माणदेशात बऱ्या वर्षी एका हेक्टरावर पडतो तेवढाच पाऊस. हावरेपणाची ही मागणी नव्हती.

कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवत ते खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत नेणारी उपसा योजना अखेर आटपाडीत पोचली. पाणी आलं तसे डाळिंबाचे मळे वाढले आणि उसाचे फडही दिसू लागले. उघड्या पाटाऐवजी बंद नळांतून, समन्यायी वाटपाने पाणी द्यावं ही चळवळीची मागणी सरकारने आटपाडीसाठी तत्त्वतः मानली. पण गेटच्या जवळचा आणि टोकाचा, मोटारवाला आणि बिनमोटारीचा हा फरक रानात अजून दिसतो. हे पाणी विजेवर चढतं. बिलाचा ८१ टक्के भार सरकारवर आणि १९ टक्के लाभधारकांवर, असं धोरण आहे. म्हणजे सगळ्या महाराष्ट्राच्या पैशाने वर चढलेलं हे पाणी. ते एकराच्या मापाने वाटणं मला अन्याय वाटतो.

औंध अजून वाट पाहतंय. गाव आणि आसपासची गावं उंचावर आहेत, शेतीच्या पाण्यासाठी त्यांची आंदोलनं वर्षानुवर्षं चालू आहेत. उद्या ना परवा त्यांनाही उपशाचं पाणी मिळेल, मिळायलाच हवं. त्या गावांना एकच विनंती. पाईप पडण्याआधी वाटा लिहून घ्या. पाणी आल्यावर ज्याच्या रानात ते पहिलं शिरतं, तो नंतर बैठकीला येत नाही.

हा अंक हातात येईल तेव्हा विहिरी वर्षातल्या सगळ्यात भरलेल्या असतील आणि रब्बीच्या पेरण्या चालू असतील. गावात किती पाऊस पडला, विहिरींत किती पाणी आहे आणि त्यावर कुठली पिकं बसतात, हा ताळेबंद मांडायचे हेच दिवस. तुमचं गाव माणदेशात असो की आणखी कुठे, सुट्टीला गेलात की ग्रामपंचायतीत जाऊन तो ताळेबंद मागा. मिळाला, तर त्यात भूमिहीनांसाठी आणि मेंढपाळांसाठी रकाना आहे का ते बघा. नसेल, तर पुढच्या ग्रामसभेत तो घालून घ्या.